भांड्यावरचा लाल दोरा

मी एक जुनी कवळी आहे. हसू आलं ना, मित्रांनो? येऊ द्या. कवळी म्हटलं की मुलांना हसू येतंच, आणि मला हसरी तोंडं पहिल्यापासून आवडतात. कुणालातरी मोकळेपणी हसता यावं म्हणूनच तर मला घडवलं होतं.

आता मी झाकणाच्या एका पांढऱ्या भांड्यात, पाण्यात पडलेली असते. भांडं शिवणयंत्राशेजारच्या फळीवर आहे. त्याच्या कडीला लाल दोरा बांधलेला आहे. तो दोरा तिथे कसा आला, तेच तुम्हाला सांगायचं आहे. पण गोष्ट ज्या तोंडापासून सुरू झाली, तिथूनच सांगायला हवी.

दातांच्या दवाखान्यामागच्या एका छोट्या खोलीत माझा जन्म झाला. आधी एका बाईच्या हिरड्यांचं माप मऊ लगद्यात घेतलं गेलं. त्या मापात पांढरं प्लास्टर ओतलं. त्यावर मेणाची कड चढवली आणि मेणात एकेक दात रोवला. मग मेण वितळवून काढलं, त्या जागी गुलाबी लगदा दाबून भरला आणि सगळं गरम पाण्यात शिजवलं. बाहेर निघाले तेव्हा मी खडबडीत, ओबडधोबड होते. मला घडवणारा कारागीर मला घासत बसला आणि घासता घासता स्वतःशीच म्हणाला, "कुणाच्या तोंडी लागणार आहेस, कुणास ठाऊक!"

मी ज्या तोंडी लागले ते एका शिंपीणबाईंचं होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन बहिणींचं शिवणकामाचं दुकान होतं. थोरली कापड बेतायची आणि यंत्रावर शिवायची. धाकटी हातशिलाई करायची: काजं, बटणं, हूक, दुमडपट्ट्या. दोघींचं आयुष्य त्या दुकानात आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत गेलं. थोरलीच्या ओठांत सदा टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून सारी गल्ली तिला टाचणीताई म्हणायची. मी मात्र तिला नुसतं थोरली म्हणते, आणि तेही एकेरीत. इतकी वर्षं तोंडात राहिल्यावर अहो-जाहो कसलं?

हिरड्यांच्या दुखण्याने तिचे स्वतःचे दात एकामागून एक गेले होते. मला पहिल्यांदा तिच्या तोंडात बसवलं, तेव्हा धाकटीही शेजारच्या खुर्चीवर होती.

"आता नीट ऐका," दातांचे डॉक्टर म्हणाले. "ह्या दातांत टाचण्या धरायच्या नाहीत. दोरा तोडायचा नाही."

"मग दात घेऊन करू काय?" थोरली म्हणाली. माझ्यासकट बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. 'स' आणि 'च' अजून घसरत होते, पण ठसका जागच्या जागी होता.

"जेवा. हसा."

"हसून का गणवेश शिवून होतात?"

"डॉक्टर, तुम्ही तिच्या नादी लागू नका," धाकटी म्हणाली. "दात नव्हते तेव्हा कुणी तिच्यापुढे टिकलं नाही. आता तर तुम्हीच तिला हत्यार दिलंत."

डॉक्टर मनापासून हसले. थोरलीने आरशात पाहिलं, ओठ मिटले, उघडले, आणि ती हसली. मी जन्मले ते ह्यासाठीच, असं मला त्या क्षणी वाटलं.

निघताना डॉक्टरांनी तिला एक गोष्ट बजावली. रात्री कवळी काढून ठेवायची, मऊ ब्रशने धुवायची आणि पाण्यात ठेवायची. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. ते म्हणाले, "कवळी धुतली म्हणजे तोंड धुतलं असं नाही. ओल्या मऊ कापडाने हिरड्या पुसायच्या. टाळू, जीभ, गालांची आतली बाजू, सगळं. तोंडात दात नसले तरी जंतू असतातच. त्यांना राहायला दात लागत नाहीत."

नेमकं तेव्हा धाकटी बाहेर रिक्षा थांबवायला गेली होती.

थोरलीने ते सारं मनावर घेतलं. रोज रात्री ती न्हाणीघरात जायची, दाराला कडी लावायची, मला काढून भांड्यात ठेवायची आणि बोटाला कापड गुंडाळून निगुतीने हिरड्या पुसायची. कडी लावायची, कारण दात नसलेलं आपलं तोंड कुणाला दिसू नये असं तिला वाटायचं. सख्ख्या बहिणीलाही नाही.

"अगं, मला कसली लाज?" दाराबाहेरून धाकटी म्हणायची. "तुझं शेंबडं नाकसुद्धा पाहिलंय मी."

"तुझं नाक मी पुसलंय, चिमणे. माझं तुला कधी पुसावं लागलं नाही. जा, अंथरूण घाल."

मला धुताना तेवढं ती तोंडावर पदर ओढून दार उघडायची. म्हणून कवळी धुतात हे धाकटीने पाहिलं होतं. तोंडही पुसतात, हे मात्र तिने कधीच पाहिलं नाही.

आमचे ते दिवस फार चांगले गेले. मी भाकरीचे तुकडे चावले, गिऱ्हाइकांशी घासाघीस केली, आणि हो, डॉक्टरांच्या नकळत पुष्कळ दोरेही तोडले. टाचण्यांचे बारीक ओरखडे अजून माझ्या पुढच्या दातांवर आहेत. एकदा गल्लीतली एक बाई म्हणाली, "टाचणीताई, दात अगदी खऱ्यासारखे दिसतात हो!" थोरली म्हणाली, "खोटे असायला ते काय पुढारी आहेत?" ती बाई इतकी हसली की शिवायला आणलेलं कापड तिच्या हातून गळून पडलं.

दुकानाचा एक नियम होता आणि थोरली तो कुणालाही मोडू देत नसे. कपड्याचं काहीही काम राहिलेलं असलं, एखादं बटण का असेना, तर त्याच्या गळ्यात लाल दोऱ्याचा एक सैल टाका घालायचा. शेवटचं काम झालं की तो काढायचा. वरून कपडा कितीही झकास दिसो, इस्त्री झालेली असो, गिऱ्हाईक दारात पाय आपटत असो, लाल दोरा दिसला की कपडा द्यायचा नाही.

"डोळे फसतात," ती म्हणायची. "बाहेरून पूर्ण दिसणारा कपडा आतून उसवलेला असतो. दोरा फसत नाही."

एका सकाळी थोरली यंत्रावर वाकली आणि तशीच राहिली. एका लहान मुलीचा कोट यंत्रात होता. अस्तर लावायचं होतं आणि कोटाच्या गळ्यात लाल दोरा होता. तिचं पोट पिळवटून आलं होतं. धाकटीने तिला रिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की आतड्याला पीळ पडला आहे, ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागेल.

"चष्मा, बांगड्या, कवळी, सगळं काढा," एक सिस्टर म्हणाली.

थोरलीने चष्मा दिला. बांगड्या दिल्या. मग तिने ओठ घट्ट मिटून घेतले. इतक्या वेदनेतही!

"ताई, दे गं. नाहीतर श्वासाची नळी घालताना दात घशात जातील."

थोरलीने एका हाताने तोंड झाकलं, दुसऱ्या हाताने मला काढलं आणि धाकटीच्या हातात ठेवलं. हाताआडून ती पुटपुटली, "शुद्धीवर आले की आधी दात. मग डॉक्टर, मग तू."

"बरं."

"वचन दे."

"दिलं. आधी दात."

शस्त्रक्रिया चांगली झाली. पीळ सुटला. पण थोरली थकली होती, तिला स्वतःचा श्वास पुरेनासा झाला, म्हणून तिला अतिदक्षता विभागात श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. तोंडातून एक नळी तिच्या श्वासनलिकेत गेली होती. ती हलू नये म्हणून गालांवरून चिकटपट्ट्या लावल्या होत्या. मला झाकणाच्या पांढऱ्या भांड्यात घालून उशाजवळच्या कपाटावर ठेवलं. तिथून मला ती सतत दिसायची.

त्या विभागात सगळे फार काम करत. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही कुणाला तरी वाईट ठरवाल. चष्मा लावणारी एक सिस्टर थोरलीची देखभाल करायची. ती दर थोड्या वेळाने थोरलीची कूस बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून उशा सरकवायची, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून थेंब घालायची आणि पलंगाचं डोकं वर उचललेलं आहे ना, ते बघायची. थोरलीच्या ओठांना ती मलमही लावायची. ओठ कसे अगदी मऊ, चकचकीत दिसत.

रोज सकाळी एक मदतनीस बाई ढकलगाडी घेऊन यायची. गाडीत मऊ ब्रश, स्पंज आणि तोंडातलं पाणी ओढून घेण्याच्या बारीक नळ्या असायच्या. ती प्रत्येक पलंगाशी एकेक संच ठेवायची आणि मग सिस्टर त्या संचाने रुग्णाचं तोंड साफ करायच्या. पहिल्या सकाळी गाडी थोरलीपाशी आली. मदतनीस बाईने हात पुढे केला, आणि मग तिला मी दिसले.

"अगंबाई, ह्या आजींना दातच नाहीत की. ह्यांना ब्रश कशाला?"

चष्मेवाल्या सिस्टरचं लक्ष शेजारच्या पलंगाकडे होतं. तिथल्या रुग्णाचा रक्तदाब झरझर उतरत होता. तिने मान वर न करता म्हटलं, "नाहीत ना? मग राहू दे."

गाडी पुढे गेली.

दुसऱ्या सकाळी मदतनीस बाईने विचारलंसुद्धा नाही. मला पाहिलं आणि ती पुढे सरकली. संच नाही म्हणजे काम नाही, असं त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाने धरलं. मित्रांनो, मी त्या भांड्यातून किती ओरडले असेन! माझ्याकडे बघू नका, माझ्या जागेकडे बघा! पण तोंडाबाहेर काढलेल्या दातांना बोलता येत नाही. आवाज त्या तोंडाचाच असतो, आणि त्या तोंडात नळी होती.

भेटीच्या वेळेला धाकटी यायची. हात धुऊन, चपला बाहेर काढून, अंग चोरून पलंगापाशी उभी राहायची. तिला काहीतरी करायचं असायचं. उभ्या आयुष्यात तिचे हात कधी रिकामे राहिले नव्हते.

"सिस्टर, मी काही करू का हो? पाय दाबू?"

"रक्त साकळू नये म्हणून पायाला पट्टे बांधलेत, मावशी. तुम्ही असं करा, ही कवळी तेवढी धुऊन ठेवत जा."

धाकटीला जणू ठेवा मिळाला. ती मला मोरीपाशी न्यायची, खाली पाण्याने भरलेलं भांडं धरायची, म्हणजे हातून निसटले तरी मी फुटू नये, आणि काज करतानासारखी जीव ओतून मला घासायची. दातांच्या फटी, गुलाबी कड, टाळूचा भाग. मग मला उजेडात धरून बघायची. पाणी बदलायची. परत आली की थोरलीच्या कानाशी वाकून सांगायची, "ताई, चकाचक केलेत बघ. तू उठ फक्त."

मी तेव्हा खरंच आरशासारखी चमकत होते. आणि जिथून मी आले होते तिथे, चकचकीत ओठांच्या आत, चिकटपट्ट्यांच्या मागे, थोरलीच्या जिभेवर एक जाड, पिवळट थर धरत होता. टाळूवर थुंकी वाळून तिचे पापुद्रे झाले होते. शुद्धीतल्या माणसाची लाळ सतत वाहते, तो ती गिळतो, खाकरतो, बोलतो, आणि त्यात तोंड आपोआप धुतलं जातं. थोरलीला ह्यातलं काहीच करता येत नव्हतं. तिची लाळ घशाच्या तळाशी साचायची आणि त्यातले जंतू नळीच्या कडेकडेने, थेंबाथेंबाने खाली उतरायचे.

एकदा वाकताना धाकटी थबकली.

"सिस्टर, हिच्या तोंडाला वास येतोय का हो?"

"नळी आहे ना, मावशी. थोडा येतोच."

"तोंड धुवायला नको?"

"त्या काही खातच नाहीयेत तोंडाने. अन्न नाकातल्या नळीतून जातंय. आणि दातही नाहीत." चष्मेवाली सिस्टर हसून म्हणाली. ती दुष्ट नव्हती. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "तुम्ही दात धुताय ना? बास तर मग."

धाकटीला ते पटलं. तिने न्हाणीघराचं बंद दारच तर पाहिलं होतं.

आणि थोरली सुधारत होती! यंत्राचा जोर कमी केला तरी ती स्वतः श्वास घेऊ लागली. एका दुपारी तिने डोळे उघडले. धाकटीला पाहिलं. मग उजव्या हाताची दोन बोटं जुळवून तिने हवेत काहीतरी टोचलं.

"टाचणी!" धाकटी रडता रडता हसली. "अगं कोट आहे तसा आहे. मी हात नाही लावला. लाल दोरा आहे गळ्यात."

थोरलीने मान हलवली. तिची बोटं कपाटाकडे वळली. माझ्याकडे.

"दात? हो गं बाई, हो! नळी निघाली की आधी दात. माझ्या लक्षात आहे."

"एक-दोन दिवसांत नळी काढून बघू," फेरीवर आलेले डॉक्टर म्हणाले. धाकटीचा जीव भांड्यात पडला. मी तर भांड्यातच होते. माझाही जीव तिथेच पडला.

नळी काढायच्या आधी थोरलीला ताप आला.

तिच्या छातीतून यंत्राने ओढून काढलेला कफ घट्ट आणि हिरवट होता. श्वास पुन्हा कमी पडू लागला, यंत्राचा जोर वाढवावा लागला. छातीचा एक्स-रे काढला, त्यात उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या बाजूला पांढरा ढग दिसला. डॉक्टरांनी धाकटीला बाजूला नेलं नाही. माझ्यासमोरच सांगितलं.

"न्यूमोनिया झालाय."

"पण ती तर आत आहे," धाकटी म्हणाली. "सगळे हात धुऊन येतात. मी चपला बाहेर काढते. आला कुठून?"

डॉक्टर म्हणाले, "नक्की सांगता येत नाही, मावशी. पण यंत्रावरच्या माणसात बहुतेक वेळा तो बाहेरून येत नाही. रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातून उतरतो."

त्याच दिवशी विभागाच्या इन्चार्ज सिस्टर रजेवरून परत आल्या. केस पिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्या प्रत्येक पलंगाशी थांबल्या. थोरलीपाशी आल्यावर त्यांनी आधी मला पाहिलं, मग पलंगाशी ठेवलेल्या सामानावर नजर फिरवली. ब्रश दिसला नाही. खिशातली छोटी बॅटरी काढून त्यांनी चिकटपट्टी बाजूला केली, थोरलीचा ओठ अलगद उचलला आणि आत पाहिलं.

त्यांनी बॅटरी बंद केली. म्हणाल्या, "संच आणा."

चष्मेवाली सिस्टर संच घेऊन आली. धाकटी निघायला वळली, तशा त्या म्हणाल्या, "थांबा, मावशी. तुम्ही बघायला हरकत नाही."

त्यांनी हातमोजे घातले. पलंगाचं डोकं नीट उचललं आहे ना, नळीभोवतीची वाट बंद करणारा फुगा नीट फुगलेला आहे ना, ते पाहिलं. मग ओला मऊ ब्रश हिरड्यांवरून गोल गोल फिरवायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या हातातल्या बारीक नळीने सुटलेली घाण लगेच ओढून घेत राहिल्या, थेंबही घशात उतरू नये म्हणून. वरच्या हिरड्या, खालच्या हिरड्या, टाळू, गालांच्या आत, जीभ. ओल्या कापडावर एकेक पापुद्रा निघत होता. तपकिरी, चिवट. धाकटी एकटक त्या कापडाकडे बघत होती.

"एवढं सगळं..." ती म्हणाली. "हे तोंडात होतं?"

"हो."

"मी रोज दात घासत होते, सिस्टर. चकाचक." तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि तोंड इथे होतं."

चष्मेवाल्या सिस्टरने चष्मा काढला आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. इन्चार्ज सिस्टर हात न थांबवता म्हणाल्या, "तुमची चूक नाही, मावशी. तुम्हाला हे आम्ही सांगायला हवं होतं. कवळी बाहेर आहे म्हणजे तोंड रिकामं आहे, असं आमच्याच लोकांना वाटलं."

त्यानंतर थोरलीचं तोंड रोज पुनःपुन्हा साफ झालं. एकदाही चुकलं नाही. औषधं बदलली. पण फुफ्फुसातला ढग पसरत गेला. तिची बोटं पुन्हा टाचणी धरण्यासाठी जुळली नाहीत. एका उजळ सकाळी, ढकलगाडी पलंगापलंगापाशी थांबत असताना, थोरलीचा श्वास थांबला.

मित्रांनो, तोंड पहिल्या दिवसापासून साफ झालं असतं तर ती नक्की वाचली असती, असं मी म्हणणार नाही. खरं सांगायचं तर ते कुणालाच ठाऊक नाही. शस्त्रक्रिया मोठी होती, शरीर थकलेलं होतं. पण जंतूंना वाट कमी मिळाली असती. तिला संधी जास्त मिळाली असती. आजारी माणसाला आपण तेवढीच तर देऊ शकतो.

नळ्या काढल्या. चिकटपट्ट्या काढल्या. इन्चार्ज सिस्टरनी थोरलीचा चेहरा पुसला आणि विचारलं, "कवळी बसवू का?"

"बसवा," धाकटी म्हणाली. "तसं तोंड घेऊन ती कुणासमोर गेली नाही कधी. मी वचन दिलंय तिला, आधी दात."

त्यांनी मला पाण्यातून काढलं, ओठ उघडले आणि हलकेच आत सरकवलं. मी इतकी वर्षं ज्या हिरड्यांवर बसले होते, तिथे बसू पाहिलं. पण तोंड सुजलं होतं, जीभ जाड झाली होती. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, जोर न लावता. मी बसले नाही. माझं माप ज्या तोंडावरून घेतलं होतं, त्याच तोंडात मला जागा उरली नव्हती.

"राहू द्या," शेवटी धाकटी म्हणाली. "नका आता त्रास देऊ तिला." तिने आपला हात थोरलीच्या ओठांवर ठेवला, थोरली ठेवायची तसाच, आणि कुणालाही दिसू नये असा आडोसा धरून उभी राहिली.

मी भांड्यातून घरी आले. धाकटीने दुकान उघडलं. कोट यंत्रातच होता. तिने आयुष्यात यंत्राला फारसा हात लावला नव्हता, म्हणून अस्तर हातानेच लावायला घेतलं, बारीक बारीक टाके घालून. शेवटचे टाके राहिले असताना त्या मुलीची आई कोट न्यायला आली आणि म्हणाली, "राहू दे हो मावशी, एवढं कशाला? वरून दिसतोय की पुरा."

"वरून," धाकटी म्हणाली आणि तिच्याकडे पाहतच राहिली.

उरलेले टाके घालून तिने गळ्यातला लाल दोरा काढला. कोट दिला. मग तो दोरा तिने माझ्या भांड्याच्या कडीला बांधला, आणि भांडं उचलून ती सरळ मोठ्या दवाखान्यात गेली.

"भांडायला आले नाही, सिस्टर," ती इन्चार्ज सिस्टरना म्हणाली. "सांगायला आले. आमच्या दुकानात काम राहिलेलं असलं की कपड्याला लाल दोरा असतो. तुमच्याकडे कवळीचं भांडं दिसलं की माणसं पुढे जातात. त्या भांड्यालाच दोरा बांधा. आतलं तोंड धुतल्याशिवाय कुणी काढायचा नाही."

इन्चार्ज सिस्टरनी दोरा बोटांत धरून पाहिला. "कल्पना चांगली आहे. पण हाच दोरा पुनःपुन्हा चालणार नाही. दोऱ्यावरही जंतू बसतात. प्रत्येक वेळी नवा हवा, वापरलेला टाकून द्यायचा."

"दोऱ्याला आमच्याकडे काय तोटा?" धाकटी म्हणाली. "रीळ पाठवते. तुम्ही हवे तेवढे तुकडे कापा."

"आणि ज्यांना कवळीही नाही, दातही नाहीत?"

"त्यांच्या पलंगाला बांधा. तोंड तर सगळ्यांना असतं ना?"

त्यावर इन्चार्ज सिस्टर पहिल्यांदाच थोडंसं हसल्या.

बऱ्याच काळाने चष्मेवाली सिस्टर दुकानात आली. तिच्या गणवेशाची शिवण उसवली होती. धाकटीने गणवेश घेतला आणि सुई ओवली. सिस्टर फळीवरच्या माझ्याकडे बघत नव्हती. बघायचंच नाही, असं ठरवून आल्यासारखी ती यंत्राकडे पाहत उभी होती. मग एकाएकी म्हणाली, "मावशी, काल एक आजोबा श्वासाच्या यंत्रावरून निघाले. कवळीवाले. रोज त्यांचा दोरा मीच काढायचे."

धाकटीचा हात थांबला. "घरी गेले?"

"वॉर्डात हलवलंय. जातील घरी."

"दात घालून?"

"आधी तोंड साफ करून," सिस्टर म्हणाली, "मग दात घालून. हसले माझ्याकडे बघून." आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिला रडू आलं. धाकटीने तिला खुर्ची दिली आणि शिवण पुरी केली.

मित्रांनो, माझं काम आता संपलं आहे. ज्या तोंडासाठी मला घडवलं ते तोंड नाही. तरी धाकटी रोज माझं पाणी बदलते, कारण कोरडी पडले तर मी वाकडी होईन. वाकडी झाले तर काय बिघडणार आहे, असं मला विचारावंसं वाटतं. तीही कदाचित स्वतःला विचारत असेल. पण पाणी बदलायचं ती थांबत नाही.

तुमच्या घरात कवळी असलेले आजी-आजोबा असतील, तर रात्री त्यांना ती काढून ठेवायची आठवण करा. त्यांना एक मऊ ओलं कापडही द्या, हिरड्यांसाठी, जिभेसाठी. ते दाराला कडी लावत असतील तर लावू द्या, पण आत काय करतात ते एकदा विचारून ठेवा. तुमचं कुणी दवाखान्यात निजलेलं असेल, काही खात नसेल, बोलत नसेल, तोंडात एकही दात नसेल, तरी सिस्टरना हळूच विचारा, "आज तोंड साफ झालं का हो?" त्या रागावणार नाहीत. त्यांनाही कुणीतरी आठवण करायला हवी असते.

धाकटीने माझ्या भांड्यावरचा लाल दोरा मात्र काढलेला नाही. एकदा तिने कात्री हातात घेतली होती. दोऱ्याजवळ नेली, थांबली आणि परत फळीवर ठेवली. थोरलीचा नियम तिला पाठ आहे. काम राहिलेलं असेल तर दोरा काढायचा नाही.